आधी सांग, काय व्हयनं?

नोकरीतली पहिली बोलणी मला 'क्विंटल' या शब्दामुळे खावी लागली.

२०१३ साल. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची डिग्री हातात, पगार आठ हजार, ऑफिस जळगावात गोलाणी मार्केटजवळच्या दोन खोल्यांत. आमचं एक गिऱ्हाईक केळीच्या धंद्यातलं. रोज दुपारी बाराशे शेतकऱ्यांना बोर्ड भावाचा, म्हणजे केळीच्या त्या दिवशीच्या जाहीर दराचा, एसेमेस जायचा. मजकूर मराठी, पण अक्षरं इंग्रजी, त्यामुळे म्हातारी माणसं मोबाइल घेऊन नातवाला हाका मारायची. गिऱ्हाईक म्हणालं, मराठीत करा. मी अर्ध्या तासात करून दिलं. आमच्याही घरी चोपडा तालुक्यात केळीच. बाबांच्या साध्या फोनवर देवनागरीत भाव दिसला तेव्हा मला वाटलं, आपण गावासाठी काहीतरी केलं.

महिनाअखेर बिल आलं ते तिप्पट.

मालक तडकले. मी छाती पुढे काढून सांगितलं की एसेमेसवाली कंपनी लुबाडतेय. शेजारच्या टेबलावर धुळ्याकडचे एक सीनियर बसायचे, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. आधी सांग, काय व्हयनं?"

काय झालं ते मला माहीतच नव्हतं. कोणी केलं, याचं उत्तर मात्र तोंडावर तयार होतं.

आप्पांनी महिन्याचा रिपोर्ट उघडायला लावला. त्यात एक रकाना होता, मी आजवर न पाहिलेला. एक तारखेपर्यंत प्रत्येक मेसेजसमोर १, आणि मराठी सुरू झाल्या दिवसापासून ३. मग शोधलं तेव्हा कळलं, की इंग्रजी अक्षरांचा एक एसेमेस १६० अक्षरांचा असतो. त्यात देवनागरीचं एक जरी चिन्ह आलं, की मर्यादा ७० वर येते. ७० ओलांडले की मेसेजचे तुकडे होतात आणि जोडकामाची माहिती त्यातच भरावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्याला ६७च उरतात. पैसे तुकड्यागणिक.

आणि अक्षरं मोजायची कशी? 'क्विंटल' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. मशीन मोजतं क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. झाले सात. माझ्या मेसेजात सुरुवातीला 'सस्नेह नमस्कार शेतकरी बंधूंनो' होतं, शेवटी 'आपले विश्वासू' होतं. सगळी माया आमच्याच खिशातून जात होती.

दुसऱ्या दिवशी मी बसून मजकूर कापला: 'आजचा बोर्ड भाव रु./क्विं.: नवती १२५०, पिलबाग ११००'. स्पेस धरून ४९. (नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे खोडव्याची.) बिल जागेवर आलं. नमस्कार गेला म्हणून एकाही शेतकऱ्याची तक्रार आली नाही.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण दर जूनमध्ये गावाकडची पोरं फोन करतात आणि विचारतात, "दादा, कोणता कोर्स लावू?" मी नावं सांगतो. प्रोग्रामिंगची एक भाषा नीट शिका, जावा घ्या नाहीतर पायथॉन, भांडण नको. डेटाबेसमधून माहिती काढायला लागणारं एसक्यूएल पक्कं करा. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं) आणि लिनक्सच्या रोजच्या कमांड हाताखालून जाऊ द्या. एवढं चार-सहा महिन्यांत होतं. पण रिपोर्टातला तो रकाना वाचायची सवय कुठल्याच क्लासात लावत नाहीत. एरर आली की पोरं ती वाचण्याआधी बंद करतात, जणू आपल्यालाच कोणी शिवी दिली. अरे, मशीन बिचारं सांगतंय काय दुखतंय ते!

मला ही सवय खरंतर घरातूनच मिळायला हवी होती. केळीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की बाबा ओट्यावर बसून ती ओळ न ओळ वाचतात. वजन, दांड्याची कपात, हमाली, मग हातात पडणारा आकडा. बोर्डावरचा भाव एक आणि हातातला एक, हे त्यांना पाठ असतं, तरी वाचतात. मी इंजिनीअर होऊन रकाना न बघता बिल कंपनीवर ढकललं.

पुढे पुण्यात हिंजवडीला गेलो. तिथला एक प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण अजून लाज वाटते. शुक्रवारी संध्याकाळी एक स्क्रिप्ट टेस्टच्या डेटाबेसऐवजी खऱ्या डेटाबेसवर चालवली. लक्षात आलं त्या क्षणी पोटात गोळा. चाळीस मिनिटं मी एकट्यानं निस्तरायचा प्रयत्न केला आणि आणखी घोळ घातला. टीम लीडला कळलं तेव्हा ती चुकीबद्दल फार बोलली नाही. "चाळीस मिनिटं का थांबलास? बॅकअप चालू व्हायच्या आत सांगितलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून काही बिघडलं की मी आधी पाच ओळी लिहितो: काय झालं, कधीपासून, किती जणांना त्रास, मी काय केलं, पुढे काय करतोय. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, मी शपथेवर सांगतो.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडच्या पोरांना वाटतं, आपण इंग्रजीमुळे मागे पडतो. मी आता मुलाखती घेतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रोजेक्ट विकत घेतलेला असतो, आणि "यात सर्वात जास्त त्रास कशानं दिला?" असं विचारलं की समोरचा गप्प. मागे पारोळ्याकडची एक मुलगी आली होती. कॉलेजच्या लायब्ररीचं साधं सॉफ्टवेअर केलेलं. एकाच नावाची दोन मुलं असली की दंड भलत्याच्याच नावावर पडायचा, तो घोळ तिनं कसा शोधला, हे तिनं अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. घेतली तिला.

क्लासच्या बाबतीत माझं मत कडू आहे. 'नोकरीची हमी' असं लिहिलेल्या ठिकाणी लाखभर भरण्याआधी मागच्या बॅचची पाच पोरं स्वतः गाठा, क्लासनं दिलेल्या यादीतली नव्हे. खोट्या अनुभवाची कागदपत्रं तर चुकूनही नाहीत. तुमच्या यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराखाली, पीएफ कधीपासून, कोणाकडून जमा झाला हे दिसतं, आणि कंपन्या ते तपासतात. तीन वर्षांचा अनुभव लिहिलेला आणि पीएफचा एक रुपया नाही, तर रुजू झालेल्यालाही घरी पाठवतात. मार्कशीटच्या मूळ प्रती कोणाकडेही ठेवायच्या नाहीत, मालक कितीही गोड बोलला तरी. ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याइतकंच नोटीस पिरियडकडे, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं त्याकडे, बघा. नव्वद दिवसांची अट आता सर्रास असते, आणि पुढची नोकरी हातातून जाते ती त्याच नव्वद दिवसांत.

आता एआय. हे न विचारता कोणी फोन ठेवतच नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून मी ते रोज वापरतो. जे आम्ही नवख्यांना पहिले सहा महिने द्यायचो, छोटे फॉर्म, छोटे रिपोर्ट, टेस्ट लिहिणं, त्यातलं बरंच आता ते करतं. त्यामुळे पहिली नोकरी मिळणं अवघड झालंय, हे मी लपवणार नाही. पण गेल्या वर्षीची एक गंमत सांगतो. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलीनं, इंटर्ननं, भाव भरायचा फॉर्म एआयकडून करून घेतला. सर्व्हरवर पायथॉन होतं, तिथं '१२५०' असा देवनागरी आकडा दिला तरी पायथॉन त्याचा 1250 करून घेतं. तिनं तेवढंच तपासलं. व्यापारी मराठी कीबोर्डवर भरायला लागले आणि फॉर्म प्रत्येक आकड्याला 'चुकीची संख्या' म्हणू लागला. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे आकडे म्हणून समजत नाहीत. ती चार वेळा एआयला विचारत राहिली, ते चार वेळा माफी मागून कोड बदलत राहिलं. पाचव्यांदा मी म्हटलं, "ताई, ब्राउझरचं कन्सोल उघड, तिथं एरर दिसते, आत काय आलंय ते बघ." दोन मिनिटांत सापडलं. एआय वाईट होतं असं नाही. तिनं त्याला 'चालत नाही' एवढंच सांगितलं होतं, काय झालं ते सांगितलंच नव्हतं.

आणि काम बदलतं याची भीती खान्देशानं तरी किती बाळगावी? विप्रोचा जन्म अमळनेरचा. १९४५ साली ती वनस्पती तुपाची कंपनी म्हणून निघाली. १९६६ ला वडील गेले आणि अझीम प्रेमजींनी शिक्षण अर्धवट ठेवून ती हातात घेतली, संगणक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. अमळनेरात शेअर धरून बसलेल्यांच्या आणि लेकीच्या लग्नात विकून टाकलेल्यांच्या गोष्टी अजून चहाबरोबर निघतात. आमच्या एका नातलगानं विकले होते. त्यांच्यासमोर आम्ही हा विषय काढत नाही.

बातम्यांचंही तसंच, काय झालं ते कळण्याआधीच घबराट. १९ जुलै २०२४ ला जगभर कॉम्प्युटरचे पडदे निळे झाले. आमच्या फॅमिली ग्रुपवर तासाभरात तिसरं महायुद्ध सुरू झालं होतं. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमध्ये सदोष फाइल गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन अडकली, आणि उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल उडवायची, बऱ्याच ठिकाणी एकेका मशीनसमोर बसून. विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले जात होते. सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेनं तिथल्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हा दोन दिवस मला गावातून फोन: "तुमच्या काकांचं पोरगं परत येतं का?" ती फी नव्या अर्जांवर आणि एकदाच, दरवर्षी नाही, हा खुलासा दुसऱ्याच दिवशी आला होता. तोवर आमच्या काकांनी पोराचं लग्न पुढे ढकलायचं ठरवूनही टाकलं होतं.

मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून जळगावला आलो आणि राहिलो. अधूनमधून ऑफिसात बोलावतात, तेव्हा रात्रीची ट्रॅव्हल्स. गावाकडून काम करणं छान दिसतं, आहेही, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की इन्व्हर्टर आपला खरा मॅनेजर असतो. बॅटरी आणि दुसरं इंटरनेट कनेक्शन, हा खर्च पगारातूनच धरायचा. शेजारपाजारचे म्हणतात, "घरीच तर असतो," आणि दुपारी तीनला गॅसचा नंबर लावायला बोलावतात. शिवाय अमेरिकेचं घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे उन्हाळ्यात साडेसातला होणारी आमची मीटिंग हिवाळ्यात साडेआठला. नेमका तोच भरताचा सीझन. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, बाकीचे पुरीवर भरीत घेतात, आणि मी गाडीत बसून 'यू आर ऑन म्यूट' ऐकतो.

तरी नवख्यांना मी सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं घरून काम नको. पुण्याला जा, कॉटबेसिसवर राहा, मेसचं पातळ वरण खा. माझ्या शेजारच्या टेबलावर आप्पा बसले होते म्हणून मला तो रकाना दिसला. स्क्रीनवर कोणी शेजारी बसत नाही.

परवाच गावातल्या एका पोराचा रात्री पावणेबाराला मेसेज आला. स्क्रीनशॉट, त्यात फक्त शेवटची ओळ. विचारलं, वरचं का कापलं?

"दादा, लई होतं, अन् सगळं इंग्लिशमधी."

"सगळं पाठव."

पाठवलं. तेवढ्यात लाइट गेली, मी मोबाइलच्या उजेडात वाचत बसलो. फाइलचं नाव चुकलं होतं, तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं. त्याला लगेच सांगितलं नाही. लिहिलं, "तिसरी ओळ मोठ्यानं वाच, अन् मला मराठीत सांग." दोन निळ्या टिक आल्या, मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं.