क्रोशाच्या सुईने प्लश धाग्याचा माळढोक विणताय? या चुका टाळा

प्लश धागा हातात घेतला की वाटतं, ही आपली नेहमीची लोकरच आहे, फक्त जरा गुबगुबीत. तसं समजून विणायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात एक तर धागा तुटतो, नाही तर टाके हरवतात. सोलापूरकराला या धाग्याची रचना खरं तर चटकन कळायला हवी. टेरी टॉवेलच्या मागावर ग्राउंडचा, म्हणजे खालच्या कापडाचा, ताणा वेगळा आणि पाइलचा, म्हणजे वर उठलेल्या फासांचा, वेगळा असतो. टॉवेल मऊ लागतो तो पाइलमुळे, आणि टिकतो तो ग्राउंडमुळे. प्लश धागाही तसाच. मध्ये पीळ दिलेल्या दोन बारीक दोऱ्यांचा गाभा आणि त्या पिळात पकडलेली पॉलिएस्टरची आखूड लव. बोटाला लागते ती सगळी लव असते. ताण सोसतो तो गाभा, आणि तो शिवणाच्या दोऱ्यापेक्षा फारसा जाड नसतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

उदाहरणाला मी मुद्दाम माळढोक घेतला आहे. अस्वल आणि ससा सगळेच करतात, आणि त्यांच्या गोल अंगात चुका लपून जातात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाचा हा पक्षी मात्र काही लपवू देत नाही. लांब पांढुरकी मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ, नराच्या छातीवर काळा पट्टा आणि खाली उंच पाय. प्लश धाग्याला जे जे अवघड जातं ते सगळं या एका पक्ष्यात आहे.

सुरुवातच तुटते

मॅजिक रिंग (ओढून मिटवता येणारं धाग्याचं कडं) करायची, त्यात सहा मुके खांब (सिंगल क्रोशे) घालायचे आणि शेपूट, म्हणजे धाग्याचं सुटं टोक, ओढून भोक बंद करायचं, ही सवय सुती धाग्यावर लागलेली असते. प्लशमध्ये तीच शेपूट ओढली की लव एकमेकींत अडकते, रिंग सरकत नाही, आपण आणखी जोर लावतो आणि गाभा तुटतो. त्यापेक्षा दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहाही मुके खांब घाला. मध्ये बारीकसं भोक राहतं, पण ते लवेत दिसत नाही. मॅजिक रिंगच हवी असेल तर पहिली फेरी त्याच रंगाच्या साध्या ॲक्रिलिक लोकरीने करा आणि दुसऱ्या फेरीपासून प्लश जोडा. लोकर ओढायला खंबीर असते.

शेपूट आखूड ठेवू नका, वीतभर तरी हवी. कापलेल्या टोकाची लव गळत राहते, आणि टोक आखूड असेल तर आतली गाठ त्या लवेवरून सुटते. नवा गुंडा जोडतानाही हेच. दोन्ही टोकांची बोटभर लव नखाने खरवडून काढा, आतले उघडे दोरे एकमेकांना गाठवा, मग विणा. लवेवर लव ठेवून मारलेली गाठ दिसायला भक्कम असते, पण खेळणं दोनदा ओढलं गेलं की सुटते.

टाके दिसत नाहीत

"मॅडम, टाका दिसतच नाही की ओ!" माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची ही पहिली तक्रार. मी म्हणते, बाई, दिसणारच नाही, डोळे शिणवू नका. प्लशमध्ये टाका बोटाने शोधायचा असतो. डाव्या हाताचा अंगठा विणीच्या कडेवर ठेवा आणि कापड किंचित आडवं ताणा. प्रत्येक टाक्याचा माथा गाठीसारखा अंगठ्याला लागतो, दोन गाठींमध्ये खळगा लागतो. सुई त्या माथ्याखालून घालायची. खळग्यात घातली तरी विणलं जातं, पण वीण तिरकी सरकत जाते आणि मोजणी चुकते.

गोल विणताना फेरीतले टाके ६, १२, १८, २४, ३०, ३६ असे वाढतात. एक टाका निसटला तर पुढच्या फेरीत कळत नाही, त्याच्या पुढच्याही कळत नाही. कळतं तेव्हा डोकं एका बाजूला कललेलं असतं. म्हणून प्रत्येक फेरी संपली की मोजायचं, आणि मोजणी चुकली तर तिथेच थांबायचं. एक टाका कमी पडला तर त्याच फेरीत एक जादा वाढवा आणि पुढे चला. इथे ही सूट आहे, कारण लव झाकते. सुती धाग्यात मी असं कुणाला करू दिलं नसतं.

फेरीची खूण म्हणून प्लास्टिकचा मार्कर लावला तर तो लवेत बुडतो. त्यापेक्षा भडक रंगाचा गुळगुळीत दोरा घ्या आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तो एकदा पुढे, एकदा मागे असा टाकत जा. खेळणं पुरं झालं की एका बाजूने ओढून काढता येतो.

काळा धागा रात्रीच्या बल्बखाली घेऊ नका. सकाळचा उजेड घ्या. उन्हाळ्यात तर सकाळच बरी, कारण दुपारी घामेजल्या हाताला सुटी लव चिकटते आणि सुई सरकत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे, प्लशची सुलट-उलट बाजू सारखीच दिसते. त्यामुळे विणता विणता वाटी उलटी झालेली कळत नाही. तपासणी सोपी आहे. सुई वाटीच्या बाहेरून आत शिरली पाहिजे. आतून बाहेर येत असेल तर तुकडा उलटा झाला आहे, पालथा करून घ्या.

सुई, माप आणि पोटात जाणारा फायबर

सोलापूरच्या नवी पेठेत धागा घ्यायला गेलात की गुंड्याच्या पट्टीवरचे आकडे वाचा. १०० ग्रॅमला साधारण १२० मीटर असा धागा असेल तर ४.५ ते ५ मि.मी. सुई चालते. त्याहून जाड धाग्याला ६ किंवा वर. बारीक सुईने घट्ट वीण येईल म्हणून ३ मि.मी. घेतली तर तिचं टोक गाभ्यातच घुसतं आणि दोरा चिरतं. उलट फार जाड सुईने वीण सैल पडते, धाग्याची वेटोळी वर उठतात आणि लहान मुलाचं बोट त्यात अडकतं.

खरी फसगत मापात होते. एखादा नमुना सुती धागा आणि २.५ मि.मी. सुईसाठी लिहिलेला असतो. आपण तोच प्लशने विणतो. ३६ टाक्यांचं डोकं सुतात साधारण सहा सेंटिमीटर रुंद होतं, तेच प्लशमध्ये दुप्पट. इथवर सगळ्यांना अंदाज असतो. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या की पोट आठपट होतं. म्हणजे जिथे आत भरायला मूठभर फायबर लागला असता तिथे पिशवीभर लागतो. धागा आणताना फायबर आणायचा राहतो, मग घरात जे असेल ते कोंबलं जातं.

सोलापुरात 'जे असेल ते' म्हणजे काय, ते सांगायला नको. गणवेश शिवणाऱ्यांकडच्या चिंध्या, किंवा गादीतला जुना कापूस. दोन्ही टाळा. चिंध्यांनी खेळणं जड होतं आणि गाठी बाहेरून हाताला लागतात. कापूस सुरुवातीला छान बसतो, पण एकदा धुतला की त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात तो आतून वाळतच नाही, वास धरतो. उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर घ्या. तोही गोळा करून कोंबू नका. बोटांनी पिंजून, थोडा थोडा, आधी कडेला आणि मग मध्ये भरा. बाहेरून दाबल्यावर तो परत वर आला पाहिजे. टाके फाकून आतलं पांढरं दिसायला लागलं की थांबा.

मान पडते

माळढोकाची मान म्हणजे या खेळण्याची परीक्षा. बहुतेक नमुन्यांत डोकं वेगळं, अंग वेगळं, आणि दोन्ही शिवून जोडायचे. सशाला ते चालतं. लांब मानेला नाही, कारण शिवण जिथे असते तिथेच ती मोडते. दुसरी चूक, मान नाजूक दिसावी म्हणून टाके आठ-दहावर आणणं. एवढ्या अरुंद नळीत फायबर नीट जात नाही आणि वरचं डोकं जड असतं.

अंग, मान आणि डोकं एकाच तुकड्यात विणा, आणि तेही खालून वर. मान १६ टाक्यांच्या खाली उतरवू नका. दर दोन-तीन फेऱ्यांनी भरत चला. मान पुरी झाल्यावर चमच्याच्या दांड्याने वरून ठासणं उपयोगाचं नाही, खालचा भाग पोकळच राहतो. मोठ्या खेळण्यात फेल्टची घट्ट सुरळी करून मानेतून अंगात अर्ध्यापर्यंत उतरवली की मान ताठ राहते. तार घालू नका. मुलं वाकवतात, तार मोडते आणि टोक बाहेर येतं.

खालून वर विणण्याचा दुसरा फायदा रंगाचा. काळ्या प्लशची सुटी लव पांढऱ्यात एकदा गेली की निघता निघत नाही. डोक्याकडून सुरुवात केली तर काळी टोपी आधी येते आणि तिची लव अख्ख्या पांढऱ्या मानेवर पसरते. खालून गेलात तर काळं शेवटी येतं. छातीच्या पट्ट्याचं काय? तो विणूच नका. वेगळी पट्टी करा आणि शेवटी शिवा. काळा गुंडा वेगळ्या पिशवीत ठेवा, मांडीवर घेतलेलं कापड बदला. तरीही लव लागलीच तर चिकटपट्टीने टिपून काढा, चोळू नका.

टोपी मिटवताना टाके कमी करायचे असतात. तिथे पुढच्या फासांतून करायची ती अदृश्य घट लोकांना हवी असते. प्लशमध्ये तो पुढचा फास चाचपण्यातच वेळ जातो. दोन टाके एकत्र घेऊन साधी घट करा, फरक दिसत नाही.

पाय प्लशने करू नका. कितीही कमी टाके घेतले तरी ते हत्तीचे होतात. पाय आणि चोच साध्या ॲक्रिलिक लोकरीने, बारीक सुईने करा. आणि पक्षी उभा राहील ही आशा सोडून त्याला बसका करा.

डोळे

प्लास्टिकचे तयार डोळे टोपी मिटण्याआधी बसवायचे, कारण त्यांची मागची चकती आतूनच लागते. प्लशच्या टाक्यांमधली फट मोठी असते आणि छोट्या डोळ्याची चकती त्यातून अलगद बाहेर येते. डोळा आणि चकती यांच्यात आतून फेल्टचा रुपयाएवढा तुकडा घाला. लवेत डोळे रुततात, म्हणून नमुन्यापेक्षा दोन मि.मी. मोठे घ्या. डोळा दिसत नाही म्हणून भोवतीची लव कात्रीने भादरायला जाऊ नका, गाभा कापला जातो.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे नकोतच, दोऱ्याने भरतकाम करून काढा. ग्लू गनने चिकटवलेले डोळे तर कुणालाच नकोत. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तापला की तो गोंद मऊ पडतो आणि पक्षी आंधळा होतो.

धुणं आणि विकणं

गार पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून धुणं. पिळायचं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की बरंचसं पाणी निघतं, आणि टॉवेलची तर आपल्या गावात वाण नाही. मग सावलीत, वाऱ्यावर. वरून कोरडं वाटलं तरी पोट ओलं असतं, दोन दिवस तरी जाऊ द्या. इस्त्री लांबूनसुद्धा दाखवू नका, पॉलिएस्टर आहे, लव वितळून कडक होते.

विकायचं मनात असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. कार्टूनमधलं प्रसिद्ध पात्र विणून विकायला मूळ मालकाची परवानगी लागते. माळढोकाला कुणाची लागत नाही. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. प्रदर्शनात टेबल मांडण्याआधी ही नोंदणी करून घ्या.

मध्येच भोक पडलं तर

अर्धं खेळणं झाल्यावर गाभा तुटला की हात आपोआप उसवायला जातो. उसवू नका. प्लश उसवताना लवेत लव अडकते, ओढल्यावर धागा टकला होतो आणि तो पुन्हा विणला तर तिथे चट्टा दिसतो. फार तर एखादी फेरी, एकेक टाका सोडवत, आणि अडकला तिथे ओढण्याऐवजी अडकलेली लव नखाने मोकळी करत.

भोकासाठी त्याच रंगाचा पॉलिएस्टरचा शिवणाचा दोरा दुहेरी घ्या. सुटलेल्या टाक्यांचे माथे बोटाने चाचपून एकेक करून दोऱ्यात ओवा, भोकाभोवती पूर्ण फेरा झाला की हलके ओढा आणि दोन-तीन वेळा आरपार शिवा. प्लशने शिवायला जाऊ नका, तो कापडातून जाताना लव सोडतो आणि तिसऱ्या टाक्याला तुटतो. तुटलेली टोकं कापायची नाहीत, आत ढकलायची. मग जुन्या टूथब्रशने वरची लव उलटसुलट फिरवली की शिवण झाकली जाते.