नॅशविलची वाट: आधी गीतकार, मग गायक

‘कंट्री’ या अमेरिकेच्या गावाकडच्या ढंगाच्या संगीतात गायक व्हायचं म्हणून टेनेसी राज्यातल्या नॅशविलला येणारे पुष्कळ जण थेट लोअर ब्रॉडवे गाठतात. तिथल्या हॉन्की-टॉन्क बारमध्ये दिवसभर गाणं चालू असतं. एकेक बँड साधारण चार तासांची पाळी करतो आणि कमाईचा मोठा भाग टिपांच्या बरणीतून येतो. गळा आणि बोटं तयार करायला जागा उत्तम, पण तिथल्या गिऱ्हाइकाला ओळखीचीच गाणी हवी असतात. स्वतःचं गाणं लिहिणाऱ्याचा धंदा तिथून दोन-तीन किलोमीटरवर, म्युझिक रो या स्टुडिओ-पब्लिशरांच्या वस्तीत चालतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की डोक्यात ठेवा. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि पब्लिशरला (गीताचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) मिळतात. गाणाऱ्याला एक सेंटही नाही. म्हणून जो लिहितो आणि गातो, त्याने आधी लिहिणाऱ्याची बाजू बांधून घ्यावी.

गाणं

तीन-साडेतीन मिनिटं, दोन कडवी, ध्रुवपद, जमल्यास एक ब्रिज, म्हणजे एकदाच येणारा वेगळ्या चालीचा तुकडा. गाण्याचं नाव ध्रुवपदात हवंच, बहुधा त्याच्या शेवटच्या ओळीत. पहिलं ध्रुवपद मिनिटभरात आलं नाही, तर पहिल्या कडव्यातल्या दोन ओळी कापा. नवशिक्यांचं दुसरं कडवं हमखास पडतं, कारण ते पहिल्याचंच म्हणणं वेगळ्या यमकात सांगतं. दुसऱ्या कडव्यात काळ, जागा किंवा बोलणारा यांपैकी काहीतरी पुढे सरकायला हवं, म्हणजे तेच ध्रुवपद दुसऱ्यांदा येताना वेगळा अर्थ घेऊन येतं. ‘मन भरून आलं’ लिहू नका. ओट्यावरचा दुसरा कप धुवायचा राहिलाय, एवढं लिहा. पिकअप ट्रक आणि मातीचे रस्ते मात्र इतके झालेत की ते टाळलेलेच बरे.

को-राइट आणि स्प्लिट शीट

नॅशविलमध्ये गाणी बहुतेक दोघं-तिघं मिळून लिहितात. सकाळी दहा-अकराला बसायचं, दुपारपर्यंत गाणं उभं करायचं. रिकाम्या हाताने जाऊ नका: चार-पाच शीर्षकं, एखादी चाल, एखादं अर्धवट ध्रुवपद जवळ असू द्या. शब्द मोजून वाटे पाडायचे नाहीत, असा इथला रिवाज आहे. खोलीत जितके, तितके समान हिस्सेदार. दिवसभरात कोणी एकच ओळ सुचवली असेल तरीही. हे अन्यायाचं वाटेल, पण ओळी मोजत बसणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी बोलवत नाही.

उठण्याआधी स्प्लिट शीट, म्हणजे वाट्यांचा कागद, भरा: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रॉयल्टी गोळा करणारी हक्कसंस्था (बीएमआय, एस्कॅप वगैरे), आयपीआय क्रमांक (गीतकाराचा ओळख क्रमांक), पब्लिशर, टक्के आणि सह्या. तिघं असाल तर 33.34, 33.33, 33.33 लिहा, बेरीज 100 भरलीच पाहिजे. एकाने नोंदणीत 50 टाकले आणि दुसऱ्याने 60, तर वाद मिटेपर्यंत सगळ्यांचेच पैसे अडकू शकतात. भांडणाची वेळ गाणं गाजल्यावर येते, आणि तोवर त्या दुपारी कोण काय म्हणालं हे प्रत्येकाला सोयीचं तेवढंच आठवतं.

नंबर चार्ट आणि डेमो

इथले वादक स्वरलिपीऐवजी आकड्यांवर वाजवतात. 1950च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज ज्युनियर यांनी ही पद्धत बसवली आणि वादक चार्ली मॅकॉय यांनी ती स्टुडिओतल्या वादकांमध्ये रुजवली. पेटीवर शिकलेल्याला ती पाच मिनिटांत कळते: 1 म्हणजे सा, 4 म्हणजे म, 5 म्हणजे प, 6 म्हणजे ध, आणि त्या त्या स्वरावरची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. ‘जी’ (G) पट्टीत 1 4 5 म्हणजे जी, सी, डी. गायकाला पट्टी झेपली नाही आणि ‘ए’ (A) करावी लागली, तरी कागद तोच राहतो. काळी चारची पांढरी सहा केली म्हणून सरगम कुठे बदलते! एक आकडा म्हणजे एक बार, तालाचं एक आवर्तन. आकड्यापुढे उणे चिन्ह म्हणजे मायनर. एका बारमध्ये दोन कॉर्ड असतील तर दोन्हींखाली मिळून एक रेघ. आकड्याभोवती चौकट तिरकी उभी केली, हिऱ्यासारखी, तर ती कॉर्ड एकदा छेडून घुमू द्यायची.

पहिला डेमो गिटार आणि आवाज एवढाच करा. आलाप-साजासारखी लांब सुरुवात नको, चार बार पुरे. आवाज वाद्यांच्या वर असू द्या, शब्द स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. पूर्ण बँडचा डेमो करायचाच असेल, तर तीन तासांच्या सेशनमध्ये चार-पाच गाणी बसवतात; म्हणून चार्ट, पट्टी आणि लय आधीच ठरवून जा. स्टुडिओत पट्टी शोधत बसलात तर एक गाणं गेलंच म्हणून समजा. आणि ज्या गाण्याला साध्या गिटारवर कोणी मान डोलावली नाही, त्याच्यावर स्टील गिटारचे पैसे घालू नका.

राउंड

1982 साली सुरू झालेलं ब्लूबर्ड कॅफे एका साध्या दुकानांच्या रांगेत आहे. जेमतेम नव्वद खुर्च्या. तिथल्या राउंडमध्ये तीन-चार गीतकार मध्यभागी गोलाकार बसतात आणि आळीपाळीने आपापली गाणी गातात. नवख्याची सुरुवात ओपन माइकने होते. एक-दोन गाणी मिळतात, तीही स्वतःचीच. गाण्यामागची कथा अर्ध्या मिनिटात संपवा. दुसरा गात असताना गिटार जुळवणं किंवा फोन पाहणं लोकांच्या लक्षात राहतं, आणि समोर बसलेल्यांतूनच पुढचे को-राइट मिळतात.

होल्ड, कट, करार

एखाद्या गायकाच्या माणसांनी गाणं ‘होल्ड’वर घेतलं, म्हणजे काही काळ ते दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. हा शब्दाचा व्यवहार. त्याचे पैसे सहसा नसतात. होल्ड महिनोन्‌महिने चालून सुटू शकतो. गाणं प्रत्यक्ष रेकॉर्ड झालं की तो ‘कट’, आणि तोही सिंगल म्हणून रेडिओवर गेला तरच खरी कमाई.

पब्लिशर दरमहा जो ‘ड्रॉ’ देतो, तो पगार नाही, उचल आहे. तुमच्या रॉयल्टीतून वळती होते. साध्या करारात पब्लिशर निम्मं ठेवतो, को-पब्लिशिंगमध्ये बहुधा पाव. हिशोब असा: 2023 मध्ये डाउनलोड किंवा सीडीमागे मेकॅनिकल दर, म्हणजे दर प्रतीमागे गीताचे मिळणारे पैसे, 12 सेंट होता. एक लाख प्रतींचे 12,000 डॉलर, तिघांत वाटून प्रत्येकी 4,000. त्यातले तुमच्या खात्यावर साध्या करारात 2,000, को-पबमध्ये 3,000 जमा होतात, आणि ते आधी उचलीत जातात. करारात वर्षाला अमुक गाणी द्यायची अट असते; तिघांनी लिहिलेलं गाणं तिथे एक तृतीयांशच धरतात, हे सही करण्यापूर्वी मोजा.

हक्क सोडायची घाई किती महाग पडू शकते, ते कंट्री गायिका-गीतकार डॉली पार्टन यांच्या उदाहरणावरून दिसतं. त्यांचं 1974चं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीला हवं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मं पब्लिशिंग मागितलं. त्यांनी नकार दिला. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं, तेव्हा हक्क डॉलींकडेच होते.

कोणाकडे काय नोंदवायचं

रेडिओ आणि मैफिलींची रॉयल्टी हक्कसंस्थेकडून येते. अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी 2021पासून एमएलसी (मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह) ही संस्था गोळा करते. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर गायक म्हणून मिळणारे पैसे साउंडएक्स्चेंज या संस्थेकडे असतात: 50 टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, 45 मुख्य कलाकाराला, 5 साथीदारांना. गाणं वितरकामार्फत स्पॉटिफायवर चढवलं म्हणजे हे सगळं आपोआप झालं, ही नेहमीची चूक. वितरक साधारणपणे रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. गीताचे वेगळे मागावे लागतात.

भारतात राहून लिहित असाल तर गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या इथल्या हक्कसंस्थेचं सदस्यत्व घेता येतं. एकाच प्रदेशाचे हक्क दोन संस्थांना देऊ नका. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन गाता येत नाही. एच-1बीवर असलेल्यानेही बारमधल्या टिपांना हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं, कारण मालक सोडून दुसरीकडे केलेलं काम व्हिसावर उलटतं. अमेरिकेतून थेट रॉयल्टी येणार असेल, तर डब्ल्यू-8बेन या अमेरिकी कर-फॉर्ममध्ये भारत-अमेरिका कर-कराराचा दावा भरा. तो रकाना कोरा सोडला तर 30 टक्के कापले जातात. भरला तर 15.