थ्रिलर शॉर्टफिल्मचा पहिला सीन: दीड मिनिटाची आखणी आणि शूट

विद्यार्थ्यांच्या थ्रिलरची सुरुवात बहुतेक वेळा चाकू, रक्त नाहीतर अंधारात पळणाऱ्या माणसाने होते. प्रेक्षक घाबरत नाही, कारण त्याला अजून कशाचीच काळजी वाटायला लागलेली नसते. पहिल्या सीनने एकच प्रश्न उभा करावा आणि त्याचं उत्तर देऊ नये. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तो प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवा. उतरत नसेल तर शूटची तारीख पुढे ढकला.

उदाहरणादाखल हा सीन घ्या. रात्री साडेदहाला एक मुलगी जुन्या इमारतीचा जिना चढून भाड्याच्या खोलीकडे येते. किल्ली काढते, तर कुलूप उघडं, कोयंड्याला नुसतं लटकतंय. आणि आतून कुकरची शिट्टी होते.

एवढ्यावर भीती तयार होत नाही. आत रूममेट स्वयंपाक करत असेल, असंच कुणालाही वाटेल. म्हणून जिना चढताना तिच्या तोंडी फोनवर एक वाक्य हवं: “हो आई, जेवले मी. नाही गं, रूममेट गावाला गेलीये, परवा येईल.” या एका ओळीमुळे शिट्टीचा अर्थ बदलतो. सीनमधला एकमेव संवाद हाच. तो पहिल्या वीस सेकंदांत, सहज, जाता जाता पडला पाहिजे. अभिनेत्रीने त्यावर जोर दिला की पुढचं सगळं आधीच कळतं.

आता प्रत्येक शॉटचा एक, असे नऊ चौकोन काढा, काड्यांची माणसं चालतील: खालून दिसणारा जिना, पावलं, वळणावर पर्समध्ये चाचपणारा हात, मुठीतली किल्ली, कुलूप, चेहरा, दाराखालची फट, पुन्हा चेहरा, दाराकडे जाणारा हात. चौकोनांचे फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर लावा, मोबाइलवर बोललेला संवाद जोडा आणि बघा. नव्वद सेकंदांच्या वर जात असेल तर जिना कमी करा, चेहरा नको. कॅमेरा खोलीच्या आत न्यायचाच नाही. तिला जेवढं कळतं, तेवढंच प्रेक्षकाला कळावं.

नऊ सेटअपना, म्हणजे प्रत्येक शॉटसाठी कॅमेरा आणि दिवे लावण्याला, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटं धरा, म्हणजे साडेचार ते सहा तास. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घ्या आणि मजल्यावरच्या प्रत्येक घरी आदल्या दिवशी सांगून या. तुमच्या कथेत किंकाळी किंवा खोटं शस्त्र असेल तर जवळच्या पोलीस चौकीतही आधी कळवा.

मोबाइलवर शूट करत असाल तर ऑटो मोड बंद. मॅन्युअल सेटिंग देणारं अॅप घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा मोफत मिळतं. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/६० राहिलं तर जिन्यातल्या स्वस्त एलईडी बल्बखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात आणि ते एडिटिंगमध्ये नीट निघत नाहीत. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस तिन्ही लॉक करा, नाहीतर ती दिव्याखालून गेली की फ्रेम आपोआप कधी उजळ, कधी काळपट होते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, शक्यतो ८००च्या वर नको.

रात्रीचा सीन म्हणून खरोखरच्या अंधारात शूट करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. चित्रात दाणे येतात आणि एडिटमध्ये उजळवलं की ते अजून वाढतात. उजेड द्या, पण पाठीमागून: वळणावरचा दिवा तिच्या मागे ठेवा, म्हणजे केसांची आणि खांद्याची कड उठून दिसेल. चेहऱ्याच्या बाजूला दोन बाय तीन फुटांचा थर्माकोल धरा, तेवढा परतलेला उजेड पुरतो. काळोख नंतर एडिटमध्ये रंग आणि उजेड जुळवताना वाढवा. दाराखालच्या फटीसाठी आत जमिनीवर, दारापासून फूटभर अंतरावर बल्ब ठेवा आणि बाकीच्या फटी काळ्या चार्ट पेपरने बुजवा. शॉट दहा सेकंद चालू द्या. सातव्या सेकंदाला आतल्या माणसाने बल्ब आणि दाराच्या मधून एकदाच, सावकाश पाऊल टाकायचं.

दाराकडे बघणारे सगळे शॉट आधी, मग जिन्याकडे बघणारे. कथेच्या क्रमाने गेलात तर दिवे चार वेळा हलवावे लागतील. प्रत्येक टेकनंतर फोटो काढा: पर्स कोणत्या खांद्यावर, किल्ली कोणत्या हातात, कुलपाचं तोंड कुठे. क्लोजअपमध्ये कुलूप फिरलेलं दिसलं तर प्रेक्षकाला तो कथेतला धागा वाटतो. जिन्याच्या वळणावर चालण्याची दिशा उलटते, म्हणून ती वळताना एका शॉटमध्ये दाखवाच. नाहीतर ती परत खाली निघाली असं वाटतं.

आवाजासाठी वेगळा वेळ काढा. फोनवरच्या संवादाला कॉलर माइक ओढणीच्या आत लावा आणि कापड त्याला घासत नाही ना, हे हेडफोनवर ऐका. त्याच मजल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून ४५ सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये आवाजात पडलेल्या फटी या शांततेने भरतात. कुकर आदल्या दिवशी खऱ्या स्वयंपाकघरात लावा, दार बंद करा आणि माइक बाहेर ठेवा. दाराआडून येणारा तो दबका आवाज कोणत्याही फिल्टरने इतका खरा येत नाही. सेटवर अभिनेत्रीला दचकण्यासाठी तोच आवाज आतून मोबाइलवर वाजवा. त्या शॉटमध्ये संवाद नसल्याने त्याचा मूळ आवाज काढून टाकता येतो.

एडिटमध्ये संगीत नको. पहिली शिट्टी कुलपाच्या क्लोजअपवर, दुसरी चेहऱ्यावर. तिसरी सुरू होते तेव्हा हात दाराला टेकतो. ती शिट्टी अर्ध्यात तोडा, पडदा काळा करा, दोन सेकंद काहीच ऐकवू नका, मग फिल्मचं नाव.