बंदरावर किंवा जहाजावर कामाला लागताना: ओळखपत्रे आणि पोलीस पडताळणी

डहाणूपासून रेडीपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी कितीतरी तरुण बंदरात, जहाजावर किंवा मासेमारी नौकेवर कामाला लागतात. त्यांच्यापैकी अनेकांची पहिली अडचण मेहनतीची किंवा कसबाची नसते, कागदांची असते. आधार कार्डावर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर थोडे वेगळे, पत्ता गावचा आणि वास्तव्य मुंबईत, अशा अवस्थेत सुरक्षा तपासणी सुरू झाली की ती अडकतेच. गेली काही वर्षे मी गावातल्या मुलांचे असे अर्ज भरून देतो, आणि त्या अनुभवातून एवढे खात्रीने सांगू शकतो की ही कामे नोकरीचे बोलावणे येण्याच्या निदान सहा महिने आधी सुरू करावीत.

ही तपासणी इतकी कडक का, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज पडू नये. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली आणि १२ मार्च रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. पुढे त्या खटल्यात माल उतरवून घेणाऱ्यांबरोबर सीमाशुल्क खात्यातील काही अधिकारीही दोषी ठरले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका ताब्यात घेतली, तिच्या तांडेलाला म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला ठार केले आणि ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्या आधीच, १ जुलै २००४ पासून, जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली होती. तिला सगळे ‘आयएसपीएस’ म्हणतात. धक्क्यावर कोण येतो, कशासाठी येतो आणि तो खरोखर तोच आहे का, याची नोंद ठेवणे या संहितेमुळे प्रत्येक आंतरराष्ट्रीय बंदराला बंधनकारक झाले. फाटकावरचा जवान कागद मागतो तेव्हा तो आपला अपमान करत नाही, हे आधी मनाशी पक्के करावे.

आधी नावाचा मेळ घालावा

सगळ्या तपासणीचा पाया एकच आहे: सर्व कागदांवर एकच नाव, एकच जन्मतारीख आणि खरा पत्ता. म्हणून आधार, दहावीचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पॅन आणि पासपोर्ट हे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असते. हा क्रमाचा फरक सहसा आड येत नाही, स्पेलिंगचा फरक मात्र येतो. ‘दीपक’ लिहिताना कोणी दोन ‘ई’ लावतो तर कोणी एक ‘आय’. ‘काझी’ आडनाव एका कागदावर ‘के’ने आणि दुसऱ्यावर ‘क्यू’ने सुरू झालेले असते. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या वडिलांचे नाव आधारवर ‘राव’ लावून आणि पासपोर्टवर ‘राव’ न लावता आले होते. जहाजावर रुजू होण्याची तारीख ठरलेली असताना दुरुस्तीला वेळ उरला नाही, आणि त्याची जागा दुसऱ्याला गेली.

दुरुस्ती कोणत्या कागदात करायची, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. दहावीचे प्रमाणपत्र हा जन्मतारखेचा सर्वांत जास्त मानला जाणारा पुरावा आहे आणि त्यातील बदल शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी हे कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे. ही वाट लांबची असल्याने प्रमाणपत्र बरोबर असेल तर त्याला हात न लावता बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून सेवा केंद्रावरच्या माणसाने टाइप केलेला मजकूर पावती घेण्यापूर्वी स्वतः वाचावा. नाव पूर्णच बदलायचे असेल, उदाहरणार्थ लग्नानंतर, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घेणे हा सर्वांत भक्कम मार्ग आहे. पासपोर्टच्या अर्जात आडनावाची चौकट रिकामी सोडू नये. तसे केल्यास पूर्ण नाव एकाच रकान्यात छापले जाते आणि पुढे परदेशी व्हिसाच्या वेळी त्याचा जाच होतो.

पोलीस पडताळणी

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत फार होते. देशातल्या नोकरीसाठी किंवा ठेकेदाराकडच्या कामासाठी जे ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ लागते, ते महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मिळते: जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या आणि शहरात पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडून. परदेशी मालक किंवा दूतावास जे मागतात, ते ‘पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट’ पासपोर्ट कार्यालय देते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही, म्हणून मागणाऱ्याकडून नेमके कोणते हवे ते लेखी घ्यावे.

अर्जात पत्ता लिहिताना आपण प्रत्यक्ष जिथे राहतो तोच लिहावा. आपल्याकडे घर गावात, शिधापत्रिका गावात, पण माणूस दिवा किंवा विरारला भाड्याच्या खोलीत, हे सर्रास असते. असा चाकरमानी गावचा पत्ता देतो, चौकशीला पोलीस येतात तेव्हा घराला कुलूप असते आणि अहवालात ‘दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही’ अशी नोंद जाते. मुंबईचा पत्ता द्यायचा तर भाडेकरार हाताशी ठेवावा. खरोखर गावातच राहत असाल तर घर क्रमांक आणि वाडीचे नाव लिहावे आणि पोलीस पाटलांना आधी कल्पना द्यावी, कारण गावातल्या चौकशीत पहिली विचारणा बहुधा त्यांच्याकडेच होते.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. नावावर एखादा गुन्हा दाखल असेल, मग तो शिमग्यातल्या भांडणाचा असो किंवा जमिनीच्या बांधावरून झालेल्या मारामारीचा, तो लपवू नये. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता संगणकावर जोडलेल्या आहेत आणि मिटलेले प्रकरणही शोधात वर येते. २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सरकारी नोकरीसंबंधी हेच तपशिलाने मांडले आहे. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ प्रकरण लपवले गेले असेल तर नेमणूक करणारा ते विचारपूर्वक नजरेआड करू शकतो, पण गंभीर बाब लपवणे हेच नोकरी जाण्याला पुरेसे कारण ठरते. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच असेही नाही, कारण पूर्वचारित्र्य तपासण्याचा हक्क मालकाकडे राहतो. तरीही खरे सांगून नाकारला गेलेला माणूस दुसरीकडे पुन्हा अर्ज करू शकतो, तर खोटे प्रतिज्ञापत्र केलेल्याच्या मागे नवे प्रकरण लागते.

प्रकरण निकाली निघाले असेल तर त्याचा कागद मिळवावा. न्यायालयाने निर्दोष सोडले असल्यास निकालपत्राची प्रमाणित नक्कल घ्यावी. पोलिसांनीच तपास बंद केला असल्यास ‘ब समरी’ (तक्रार खोटी असल्याचा पोलिसांचा अहवाल) किंवा ‘क समरी’ (गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असल्याचा अहवाल) न्यायालयाने मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल घ्यावी. खटला चालू असेल तर पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट नाकारता येतो. परंतु २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या न्यायालयात खटला आहे त्याने परदेशी जाण्याची परवानगी दिल्यास आदेशात सांगितलेल्या मुदतीपुरता पासपोर्ट मिळू शकतो. यासाठी वकिलाकडे जावे, एजंटाकडे नाही.

कोणत्या कामाला कोणता कागद

न्हावा-शेवा आणि मुंबई ही केंद्र सरकारची मोठी बंदरे असून त्यांच्या फाटकांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असते. तिथला प्रवेश पास कामगाराला स्वतः खिडकीवर जाऊन सहसा मिळत नाही. ठेकेदार, वाहतूक कंपनी किंवा जहाज कंपनीचा प्रतिनिधी अर्ज करतो आणि दीर्घ मुदतीच्या पाससाठी पोलीस पडताळणी जोडावी लागते. जयगड, दिघी, धरमतर यांसारखी बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतात. तिथे खासगी चालकाची सुरक्षा व्यवस्था असते, आणि जिथे परदेशी जहाजे लागतात तिथे नियम त्याच आंतरराष्ट्रीय संहितेचे असतात. या संहितेत सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. नेहमीची पहिली पातळी दुसरीवर गेली की काल चाललेल्या पासवर आज झडती होते आणि काही भाग बंद होतात, तेव्हा पाळीच्या वेळेआधी पोहोचावे.

जहाजावर जाणाऱ्याचा क्रम असा असतो: पासपोर्ट, नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी, ‘इंडोस’ क्रमांक, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण आणि मग सीडीसी, म्हणजे खलाशाच्या सागरी सेवेची अधिकृत नोंदवही. इंडोस हा खलाशाचा कायमचा नोंदणी क्रमांक असल्याने तो घेताना भरलेली माहिती पुढे प्रत्येक कागदावर उमटते, आणि म्हणूनच नावाचा मेळ त्याआधी घातलेला असला पाहिजे. सीडीसीनंतर बायोमेट्रिक ओळखपत्र घ्यावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८५ व्या करारानुसार भारताने ते २०१९ मध्ये सुरू केले आणि त्यातील चिपमध्ये चेहऱ्याची नोंद असते. त्यासाठी ऑनलाइन वेळ घेऊन केंद्रावर स्वतः जावे लागते. आपल्या बाजूला मुंबई आणि गोवा इथे केंद्रे असून सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला गोवा सोयीचे पडते. अमेरिकेच्या ‘ट्विक’ कार्डाच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. ते कार्ड प्रामुख्याने तिथल्या बंदर कामगारांसाठी आहे. आपल्या खलाशाला तिथे उतरण्यासाठी लागतो तो ‘सी-वन डी’ व्हिसा.

मासेमारी नौकेची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे जबाबदारी मुख्यतः मालकाची असते. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना आणि खलाशांची यादी अद्ययावत असावी, आणि प्रत्येक खलाशी व तांडेल यांच्याजवळ समुद्रात मूळ ओळखपत्र असावे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या नागरिकता प्रमाणपत्राची प्रत, छायाचित्र आणि गावाकडचा संपर्क घेऊन सागरी पोलीस ठाण्यात नोंद करावी. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात हे काम उरकावे. हंगामाच्या पहिल्या फेरीच्या गडबडीत ते कधीच नीट होत नाही.

कागद कोणाच्या हाती देऊ नयेत

जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा ‘आरपीएसएल’ परवाना असावा लागतो आणि तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. खेड-दापोलीकडच्या कितीतरी घरांनी दागिने गहाण ठेवून असे पैसे भरले आणि हाती कुठल्यातरी परदेशाची, पडताळणीत न टिकणारी सीडीसी आली, हे आठवले की जीव तुटतो. पासपोर्ट किंवा सीडीसीची मूळ प्रत ‘व्हेरिफिकेशनसाठी’ म्हणून एजंटाकडे ठेवू नये. छायाप्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून सही करावी.

बंदराचा पास हरवला तर त्याच दिवशी पास विभागाला लेखी कळवावे आणि पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करून पोच घ्यावी. काम सोडतानाही पास परत करून पावती मागावी, कारण तो पास चालू राहिला तर त्यावर होणारा प्रत्येक प्रवेश आपल्याच नावावर नोंदला जातो.