‘एक आंटो मारी आवुं?’ : तेज गाडी विकताना टेस्ट ड्राइव्हच्या या चुका टाळा

बडोद्यात जुनी गाडी विकायला काढली की पहिल्याच फोनवर दोन प्रश्न ठरलेले. ‘छेल्लो भाव शुं?’ म्हणजे शेवटचा भाव काय, आणि ‘एक आंटो मारी आवुं?’ म्हणजे एक चक्कर मारून येऊ का. वॅगन आर असेल तर दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणून टाकलं तरी फारसं बिघडत नाही. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस किंवा बीएमडब्ल्यू एम३४०आयसारखी तेज गाडी असेल तर तो आंटोच सगळ्या व्यवहारातला महागडा भाग ठरू शकतो. एम३४०आयमध्ये ३७४ अश्वशक्ती, शून्यावरून शंभरला जायला कंपनीच्या आकड्याप्रमाणे ४.४ सेकंद. रोज क्रेटा चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला हा हिशेब ठाऊक नसतो, आणि ‘मला सवय आहे’ हे वाक्य सवय नसलेलाच आधी म्हणतो.

फोन आला की चावी देणं

येणाऱ्यांतले बरेच जण गाडी घ्यायला नाही, रील करायला येतात. त्यांना गाळायला फोनवरचे तीन प्रश्न पुरतात: सध्या कोणती गाडी चालवता, गाडी कोणाच्या नावावर होणार, आणि पैसे कसे, कर्ज असेल तर मंजुरी आली आहे का. याला जो वैतागतो तो गिऱ्हाईक नाही. मग क्रम असा ठेवायचा: आधी कागद, मग उभ्या गाडीची पाहणी, मग तुम्ही चालवणार आणि तो शेजारी बसणार, आणि शेवटी तो चालवणार. ‘आधी चालवू द्या, आवडली तर कागद बघू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

लायसन्स खरं हातात घेऊन बघा, एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून वैध आहे ना ते तपासा, फोटो काढून ठेवा. आपल्याकडे विमा गाडीचा असतो आणि मालकाच्या परवानगीने वैध लायसन्स असलेला कोणीही चालवू शकतो, म्हणून परक्याने चालवलेलं चालतं. पण लायसन्स संपलेलं निघालं की नुकसानीचा दावा तिथेच अडकतो, वर बिनलायसन्सवाल्याला गाडी दिल्याबद्दल मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘मुलालाच घ्यायची आहे, तोच चालवेल’ असं वडील म्हणाले तर मुलाचं वय विचारायला लाजू नका. अल्पवयीनाच्या बाबतीत दंड २५,००० आणि कैद तीन वर्षांपर्यंत.

इंजिन चालू ठेवून जागा बदलणं

ही चूक इतक्या वेळा होते की आता राग येतो. शहराबाहेरचा, सेवासीहून सिंधरोटकडे जाणारा रस्ता घ्या. मालकाने स्वतः सहा-सात किलोमीटर चालवून दाखवली, गिऱ्हाईक खूश. ‘आता तुम्ही घ्या’ म्हणत मालक गाडी कडेला घेतो. बाहेर बेचाळीस डिग्री, एसी बंद करायचा जिवावर येतं, म्हणून इंजिन चालूच. तो ड्रायव्हरच्या दाराने उतरतो आणि मागून वळसा घालून डाव्या दाराकडे निघतो. शेजारी बसलेला पाहुणा उतरतच नाही, कन्सोलवरून पाय टाकून सरळ ड्रायव्हर सीटवर सरकतो. मालक डिकीपाशी पोहोचतो तोवर दारं आतून लॉक झालेली असतात. चावी मालकाच्याच खिशात आहे, आणि गाडी सिंधरोटच्या दिशेने निघाली आहे.

‘चावी माझ्याकडे होती ना!’ हे वाक्य इथे ऐकू येतं. बटणवाल्या गाडीत चावी लागते ती इंजिन चालू करायला, चालू ठेवायला नाही. चावी लांब गेली की मीटरवर इशारा येतो, बीप वाजते, पण इंजिन बंद पडत नाही. तसं मुद्दामच केलेलं असतं, कारण भर रस्त्यात चावीची बॅटरी संपली म्हणून इंजिन मेलं तर मागचा ट्रक येऊन धडकेल. एकदा बंद केली की पुन्हा चालू होणार नाही एवढंच, आणि पेट्रोल संपेपर्यंत चोराला बंद करायची गरजही नसते. पुढे विमा कंपनी चोरीच्या दाव्यात दोन्ही चाव्या मागते, आणि गाडी तुम्ही स्वखुशीने दिली होती का हा प्रश्न वेगळाच.

याला उपाय तंत्राचा नाही, सवयीचा आहे. जागा बदलायची ती पेट्रोल पंपावर, कॅमेऱ्यासमोर. गाडी पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, इंजिन बंद, चावी पँटच्या खिशात, कपहोल्डरमध्ये नाही. तुम्ही सीटवर बसून राहा, आधी त्याला उतरू द्या. तो तुमच्या दाराशी आला की मग तुम्ही उतरा आणि बॉनेटच्या पुढून फिरा, मागून नाही, म्हणजे गाडी कायम नजरेसमोर राहते. तुम्ही डावीकडे बसलात, दोघांचे पट्टे लागले, त्याने सीट आणि आरसे जुळवले, की मगच बटण. दोन मिनिटं घाम येईल, येऊ द्या.

दुसरी चावी घरात कपाटात. दोन्ही चाव्या टेबलावर मांडून ‘बघा, दोन्ही आहेत’ दाखवण्याची हौस नको, हुबेहूब दिसणारी मेलेली चावी ठेवून खरी उचलणारे हात असतात. चाव्या दाखवायच्याच तर एकेक करून, प्रत्येकीने दार उघडून दाखवा आणि परत खिशात टाका.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे, सही करून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवून टेस्ट ड्राइव्हला निघणाऱ्यांबद्दल काय लिहावं? गाडी गेली तर कागदासकट जाते.

थंड तेलावर पाय दाबू देणं

खरेदीदाराला थंड इंजिन सुरू होताना ऐकायचं असतं, आणि तो त्याचा हक्क आहे. आधीच गाडी फिरवून गरम करून ठेवणारा विक्रेता काहीतरी लपवतो असंच शहाणा माणूस धरतो. तो आल्याआल्या बॉनेटवर तळहात ठेवतो. तेव्हा गाडी थंडच ठेवा. पण मग पहिले दहा किलोमीटर चालवायची तुम्हीच.

इथे फसवतो तो तापमानाचा काटा. कूलंटचा काटा पाचेक मिनिटांत मध्यावर येतो आणि लोक समजतात गाडी तयार. तेलाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. ऑक्टेव्हिया आरएसच्या मीटरमध्ये तेलाचं तापमान वेगळं बघता येतं. ५० डिग्रीच्या खाली तिथे आकडा नाही, नुसत्या रेघा दिसतात. तो आकडा ८० च्या वर गेल्याशिवाय पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, मग समोरचा कितीही चुळबुळत असो. जोरात चालवताना टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल घट्ट असेल तर बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही. ‘बडोद्याच्या मे महिन्यात तेल थंड कसलं?’ असं विचारणारे भेटतात. बाहेर ४२ डिग्री म्हणजे तेल ४२, नव्वद नव्हे.

मग येतो लाडका हट्ट: ‘एकदा लाँच कंट्रोल दाखवा ना.’ नाही. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि ब्रेक सोडला की सगळा दणका क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर खातात. दिवसाला तीन गिऱ्हाइकं आली तर तीन वेळा. गिअरबॉक्सची तब्येत लाँचने कळत नाही, बिलांनी कळते. ऑक्टेव्हिया आरएस २३० च्या सहा गिअरच्या डीएसजीचं (स्कोडाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, ते बिल काढून पुढे ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करा म्हणणाऱ्याची टेस्ट ड्राइव्ह तिथेच संपली, आणि हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवलेलं बरं. त्याची पहिली पाच मिनिटं साध्या मोडमध्ये, स्पोर्ट नंतर.

आदल्या रात्री स्कॅनर लावून जुने एरर कोड पुसून ठेवणं हाही असाच एक शॉर्टकट. जाणकार मेकॅनिक कोड बघतच नाही, आधी गाडीच्या स्वतपासण्या पूर्ण झाल्या आहेत का ते बघतो. त्या अपूर्ण दिसल्या की कालच काहीतरी पुसलंय हे उघड होतं. त्यापेक्षा कोड आहे तसा दाखवा आणि कारण सांगा. स्कॅन मात्र उभ्या गाडीत, तुमच्यासमोर. चालत्या गाडीत परक्याचा डोंगल (स्कॅनच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) नको, नवी चावी जोडण्याची साधनंही त्याच सॉकेटला लागतात.

रस्ता वाटेत ठरवू नका

अहमदाबाद एक्सप्रेसवेचा मोह सगळ्यांना होतो. दुमाडकडून चढलात की पुढचा उतार थेट आणंदला. मध्ये पटलं नाही तरी वळता येत नाही, टोल तुमच्या फास्टॅगमधून, आणि सरळ मोकळा रस्ता दिसला की पाहुण्याचा पाय जड होतो. चलन येतं ते मालकाच्या मोबाइलवर. मांडवी-रावपुरा गर्दीमुळे बाद, नवरात्रात तर संध्याकाळी शहरच बाद. १५ ते २० किलोमीटरचा, तुम्ही आदल्या दिवशी फिरून आलेला वळसा घ्या, ज्यातले गतिरोधक तुम्हाला पाठ आहेत. अशा गाडीच्या २२५/४० मापाच्या टायरची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर असते. एक न दिसलेला खड्डा आणि रिम वाकली. मागच्या सीटवर तीन मित्र बसवलेत तर पुढच्या बंपरची खालची कडही घासणार, म्हणून पाहुण्याबरोबर मित्रांची गर्दी नको.

पावसात टेस्ट ड्राइव्ह टाळा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून इथला खरेदीदार सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधतो, कार्पेट उचलून वास घेतो. गाडी पाण्यात नव्हती तर चिडू नका, त्याला ओढू द्या.

निघण्याआधी अर्ध्या पानाची चिठ्ठी: नाव, लायसन्स नंबर, वेळ, किलोमीटर, आणि धडक झाली तर भुर्दंड कोणाचा. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला विम्याच्या दाव्यात २,००० रुपयांची सक्तीची कपात असते, पण खरा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ६०,००० आहे आणि बोनस ५० टक्के. एका दाव्यात तो शून्यावर येतो, म्हणजे पुढच्याच वर्षी ३०,००० जास्त. आणि तो बोनस गाडीबरोबर जात नाही, तुमच्या पुढच्या गाडीला मिळणार होता. हे आकडे कागदावर दिसले की पाय आपोआप हलका पडतो. पाहुण्याची स्वतःची गाडी तुमच्या पार्किंगमध्ये उभी असलेली बरी. तो रिक्षाने आला असेल तर तुमच्याकडचं एक माणूस मागे बसवा.

परत आल्यावर लगेच बटण दाबू नका, मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा. बंद केल्यावरही पंखा घरघरत राहील, आणि नेमका त्याच क्षणी गिऱ्हाईक चेहरा पाडून ‘आ शुं अवाज छे?’ (हा कसला आवाज?) विचारून पन्नास हजार कमी करायला बघेल. पंख्याचं निघतानाच सांगून ठेवा.