पद्मिनीचा गळका रेडिएटर घरी कसा दुरुस्त करावा

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असून त्याचे सगळे सांधे डाखाने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सोल्डरने, जोडलेले असतात. त्यामुळे हल्लीच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरसारखा तो गळू लागला म्हणून भंगारात घालावा लागत नाही. मात्र गळती दिसताच त्यात हळद, अंड्याचा बलक किंवा बाजारातली 'गळतीबंद' पावडर टाकायला सांगणारा एक तरी शहाणा भेटतोच. खंडाळ्याच्या घाटात अडकला असाल आणि घर गाठायचे असेल, तर हळद टाका, एरवी नको. जे द्रव्य भोकात बसते तेच अरुंद नळ्यांतही बसते, आणि मग गळती थांबलेली पण इंजिन तापणारी गाडी पदरात पडते. बाहेरून एम-सील थापणे हाही वेळ काढण्याचाच प्रकार आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढून घ्यावे. पाण्यात मिसळलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव्य, असेल तर ते उघड्यावर ठेवू नये, कारण त्यातले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना घातक असते. जुने रबरी होज पिळून काढू नयेत, पात्याने कापावेत; पिळताना रेडिएटरच्या टाकीचे पितळी तोंडच सांध्यातून सुटते.

गळती नेमकी कुठे आहे हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण पाणी वरच्या सांध्यातून येते आणि खालच्या कोपऱ्यातून टपकते. सगळी तोंडे रबरी बुचांनी बंद करून, एका बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवावा आणि हातपंपाने पाच ते सात पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचे माप) हवा भरावी. कॉम्प्रेसर अजिबात जोडू नये. बुडबुडे जिथून निघतील तिथे खूण करावी. त्या जागेचे पितळ पिवळे न राहता तांबूस झाले असेल, तर त्यातले जस्त निघून गेलेले आहे. असा पत्रा डाख धरत नाही आणि तो बदलावाच लागतो.

आता डाख देण्याविषयी, कारण माझे तीन रविवार याच टप्प्यावर वाया गेले आहेत. पहिल्यांदा मी वरच्या टाकीच्या कडेला सुईएवढ्या छिद्रावर ब्लो-लॅम्प धरला. छिद्र बुजले, पण शेजारचा वीतभर सांधा वितळून टाकी एका बाजूने उघडी पडली. जुन्या सांध्यातला शिसे-कथिलाचा डाख १८३ अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतो, आणि तांबे उष्णता इतक्या वेगाने पसरवते की ज्योत जिथे धरली आहे तिथेच काम होईल असे समजणे भाबडेपणाचे ठरते. म्हणून छिद्र शिवणीवर असेल तर ज्योतीऐवजी तांब्याच्या जाड, जड टोकाचा सोल्डरिंग आयर्न वापरावा आणि कामाच्या दोन्ही बाजूंना चार बोटांवर ओल्या चिंध्या घट्ट गुंडाळाव्यात. रेडिओ दुरुस्तीचा पेनासारखा आयर्न इथे थंड पडतो. आत पाण्याचा थेंबही राहू देऊ नये. त्याची वाफ होते आणि वितळलेल्या डाखातून फुगा काढत बाहेर पडते, त्यामुळे बुजवलेल्या जागी नवे छिद्र तयार होते.

दुसरा रविवार स्वच्छतेच्या आळसात गेला. डाख चिकटत नाही म्हणून मी आणखी डाख ओतत राहिलो आणि सांध्यावर एक चकचकीत, निरुपयोगी गोळा तयार झाला, जो नखाने उचकटता आला. डाख मळावर बसत नाही, हे कोणताही कल्हईवाला सांगेल. तोही आधी भांडे घासतो, नवसागर फिरवतो आणि मगच कथील लावतो. रंग, क्षार आणि जुन्या डाखाचा काळपट थर तारेच्या ब्रशने व पातळ कानशीने काढून पितळ नव्या नाण्यासारखे दिसेपर्यंत घासावे, लगेच झिंक क्लोराइडचा फ्लक्स, म्हणजे डाख धातूला धरावा म्हणून लावायचे द्रव्य, लावावा आणि प्रथम अगदी पातळ थर चढवावा. हा थर पाण्यासारखा पसरला तरच पुढे जावे. मण्यांसारखा गोळा झाला तर पुन्हा घासावे. राळेचा फ्लक्स या जुन्या धातूला पुरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा रविवार चुकीच्या डाखाने खाल्ला. साठ टक्के कथिलाचा डाख १९० अंशांच्या आसपास एकदम पातळ होऊन उभ्या शिवणीवरून ओघळतो. चाळीस टक्के कथील आणि साठ टक्के शिसे असलेली कांडी १८३ ते सुमारे २३८ अंशांच्या दरम्यान लोण्यासारखी राहते, म्हणून ती फटीत भरता येते. धूर अंगावर घेऊ नये. काम उघड्या जागी करावे आणि नंतर हात धुतल्याशिवाय चहाला स्पर्श करू नये.

जाळीच्या मधली नळी फुटली असेल तर ती दोन्ही टोकांना बंद करावी. अशा दोन-तीन नळ्या बंद झाल्या तरी गाडी चालते. त्याहून जास्त असतील तर नवी जाळी बसवून घ्यावी.

फ्लक्स आम्लधर्मी असतो, म्हणून रेडिएटर आतून-बाहेरून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुवावा. पुन्हा टबात तपासावा. काळा रंग पातळच द्यावा.

बोअरचे पाणी भरू नये. डिस्टिल्ड पाण्यात एक तृतीयांश कूलंट आपल्या हवेला पुरते. गाडीचे नाक चढावर ठेवून भरल्यास आतली हवा निघून जाते. टोपीचे रबर नवे घालावे, कारण दाब टिकला नाही तर महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळते. इंजिन तापवून सांधे पाहावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पुन्हा पाहावेत; काही फटी धातू थंड होऊन आकसल्यावरच गळतात आणि त्या फक्त सकाळीच सापडतात.