जलयुक्त शिवारमुळे पाणी वाढलं का? गावपातळीवर असं तपासा

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं ते 'टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९' ही घोषणा घेऊन. सरकारी आकडे बहुतेक कामांचे असतात: किती नाले खोल केले, किती बंधारे बांधले, किती टीसीएम (हजार घनमीटर) साठवण क्षमता तयार झाली. क्षमता म्हणजे पाणी नव्हे. ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसत नाही, असा ठपका कॅगने २०२० मध्ये ठेवला.

'आधी आणि नंतर' एवढ्यावर निकाल देऊ नका. २०१४ आणि २०१५ चा पाऊस तुटीचा, २०१६ चा चांगला. त्यामुळे काम न झालेल्या गावांतही विहिरी वर आल्या. त्यातून योजनेसाठी निवडलेल्या गावांच्या पहिल्या यादीत टंचाईची गावं. सगळ्यात वाईट वर्षानंतर त्यांची स्थिती थोडी तरी सुधारणारच.

म्हणून जोडीचं गाव लागतं. योजनेत दरवर्षी ५ हजार गावांचं उद्दिष्ट होतं, ते इथे कामी येतं: पहिल्या यादीतल्या गावासमोर २०१७-१८ च्या यादीतलं, तोवर काम न झालेलं गाव ठेवा. तालुका एक, खडक एक. पाणलोटाच्या माथ्यावरचं गाव माथ्यावरच्याच गावाशी जुळवा. महसूल मंडळाचा पाऊस जवळपास सारखा हवा. जोडी एकाच नाल्यावर मात्र नको. वरच्या गावानं पाणी अडवलं की खालच्याचं कमी होतं आणि फरक उगाच फुगतो.

पातळीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी पाहा. नोंद जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये होते. तुम्हाला मे हवा. ऑक्टोबरची विहीर पावसाचंच सांगते. स्वतः मोजणार असाल तर पंप आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवायला सांगा, कारण बेसॉल्टमधली (काळ्या खडकातली) उपसलेली विहीर भरायला रात्र जाते. टेप कठड्यावरून सोडली तर कठड्याची उंची वजा करा. हे विसरलं की पाऊण मीटर सहज चुकतो, आणि आपण शोधत असलेला फरकच तेवढा असतो.

समजा, काम झालेल्या गावात मे २०१५ ला पाणी जमिनीपासून ९.२ मीटर खोल होतं, मे २०१७ ला ७.१ वर आलं: वाढ २.१. जोडीच्या गावात ९.० वरून ७.५: वाढ १.५. कामाच्या खाती फक्त ०.६ मीटर जमा करा, बाकी पावसाचं. एका जोडीवर काहीच ठरत नाही. निदान आठ-दहा जोड्या घ्या आणि उणे आलेल्याही तक्त्यात ठेवा. त्या गाळायचा मोह होतोच.

फरक शून्य आला तर लगेच 'योजना फसली' असं लिहू नका. आधी बंधाऱ्यात गाळ किती साठलाय ते बघा, मग सातबाऱ्यावरची पीकपाहणी काढा. रब्बीचं किंवा उसाचं क्षेत्र वाढलं असेल, नवे बोअर पडले असतील, तर पाणी आलं आणि उपसून संपलं. पीकपाहणी कधीकधी चावडीत बसूनच भरलेली असते, तेव्हा बोअर शिवारात फिरून मोजा. टँकरची संख्या तर शेवटचा पुरावा धरा: नळयोजना झाली तरी टँकर बंद होतो, विहीर कोरडी असली तरी.